प्रॉक्सी डबा, पुढचा हप्ता: ते पाच सेकंद सापडले

सापडलं एकदाचं! पॅक फाइल (कोणती साइट प्रॉक्सीतून आणि कोणती थेट, हे ब्राउझरला सांगणारी छोटी स्क्रिप्ट) लावली की फायरफॉक्स अडखळतो म्हणून मागच्या हप्त्यात कुरकुर केली होती, त्याचं मूळ हाती लागलंय. आणि बिचाऱ्या स्क्विडचा, म्हणजे डब्यावर (घरातल्या प्रॉक्सीच्या मशीनवर) चालणाऱ्या, पानं मध्यस्थ म्हणून आणून साठवणाऱ्या प्रोग्रामचा, त्यात काडीचाही दोष नाही.

आधी बाकीचं उरकतो. एपीटीची (डेबियनची पॅकेजं उतरवणाऱ्या प्रोग्रामची) कॅश आता खरोखर कॅश झाली आहे. स्क्विड मुळात ४ एमबीपेक्षा मोठी फाइल साठवतच नाही, त्यामुळे कर्नल, लिबरऑफिस असली धेंडं दर वेळी बाहेरूनच उतरत होती. मर्यादा ५१२ एमबी केली, ती ओळ स्क्विडच्या सेटिंगमध्ये कॅश-डिरच्या (कॅशची जागा सांगणाऱ्या) ओळीच्या वर नेली (खाली राहिली तर लागू होत नाही), पहिल्या मशीनवर अपग्रेड झाल्यावर तेच दुसऱ्यावर मारलं. लॉगमध्ये टीसीपी हिट (म्हणजे फाइल कॅशमधूनच मिळाली), टीसीपी हिट, टीसीपी हिट. चहा गार झाला तरी बघत बसलो होतो.

आता मुख्य भानगड. फायरफॉक्समध्ये प्रॉक्सी हाताने भरली, म्हणजे १९२.१६८.१.५ आणि पोर्ट ३१२८, की पानं सुसाट. त्याऐवजी पॅकचा पत्ता दिला की प्रत्येक नव्या साइटला आधी मुकाट पाच सेकंद, मग सुसाट. लगेच परत गेलं तर काही नाही, दोनेक मिनिटांनी गेलं की पुन्हा पाच. मराठी वर्तमानपत्रांच्या साइटवर तर कहर: फोटो एका होस्टवरून, फाँट दुसऱ्या, जाहिराती आणखी भलतीकडून. टर्मिनलमधून कर्ल (पानं उतरवायची कमांड) मात्र त्याच प्रॉक्सीने झटक्यात.

इथे ॲक्सेस लॉगवर विसंबू नका. स्क्विड विनंती पुरी झाल्यावर ओळ लिहितो, कनेक्टची (एचटीटीपीएस साइटसाठीच्या विनंतीची) तर टनेल बंद झाल्यावर. म्हणून डब्यावर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारी कमांड) लावला. त्या पाच सेकंदांत ३१२८ वर एक पॅकेट नाही! म्हणजे डेस्कटॉपवरून प्रॉक्सीकडे काही निघतच नव्हतं.

मग डेस्कटॉपवर पोर्ट ५३ (डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी पत्ता विचारायचा) ऐकला आणि ट्यूब पेटली. नावाची चौकशी १९२.१६८.१.५ ला गेली. शांतता. बरोबर पाच सेकंदांनी तीच चौकशी राउटरला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, आणि उत्तर तत्क्षणी. पाच सेकंद हा जीलिबसीच्या (लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या) रिझॉल्व्हरचा, म्हणजे नावाचा पत्ता शोधणाऱ्या भागाचा, ठरलेला टाइमआउट. माझ्या डेबियनवर सिस्टमडी-रिझॉल्व्हड (हेच काम करणारी वेगळी सेवा) नाही, त्यामुळे रिझॉल्व्ह-कॉन्फ फाइलमध्ये जे डीएनएस सर्व्हर आहेत त्यांच्याच रांगेने सगळं चालतं.

पण १.५ ला चौकशी का? तर तो जुन्या पाय-होलचा (जाहिराती अडवणाऱ्या डीएनएस सर्व्हरचा) पत्ता. तो सर्व्हर गेला, पत्ता डब्याला दिला, राउटरमधून डीएनएसची नोंद काढली. परवा वळवाच्या पावसात वीज गेली आणि राउटर जुनी सेटिंगं घेऊन उठला, म्हणजे डीएनएस म्हणून पुन्हा १.५ सांगू लागला. नेट-कंपन्या फुकट देतात ते राउटर मोडेम म्हणूनच बरे, डीएचसीपी (मशीनना आयपी पत्ते आणि डीएनएस वाटायचं काम) त्यांच्यावर सोपवू नये, हे माझं मत आता पक्कं झालंय.

खरी मेख पुढे आहे. डब्यावर डीएनएस सर्व्हर नाही, पण यूएफडब्ल्यू ही फायरवॉल आहे, आणि ती नको असलेलं पॅकेट न बोलता गिळते. फायरवॉल नसती तर 'इथे कोणी ऐकत नाही' असा आयसीएमपी (नेटवर्कमधली अडचण कळवणारा) निरोप लगेच आला असता, डेस्कटॉप तत्काळ राउटरकडे वळला असता आणि मला कधी पत्ताही लागला नसता.

आणि पॅकमध्येच का? प्रॉक्सी हाताने भरली की नाव शोधायचं काम स्क्विडचं, डेस्कटॉप डीएनएसला विचारतच नाही. कर्लचंही तेच. पॅक फाइलमध्ये मात्र इज-इन-नेट (पत्ता अमुक नेटवर्कमधला आहे का हे तपासणारं फंक्शन) होतं, आणि त्याला होस्टचं नाव दिलं की आधी आयपी शोधावा लागतो. नेटवर फिरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक नमुना फाइलमध्ये ही ओळ असते. १९९६ च्या नेटस्केप नॅव्हिगेटर २.० पासूनचा वारसा आहे, लोक तसाच पुढे ढकलतात. मी ती ओळ उडवली. आता फक्त मजकूर जुळवणं: बिनटिंबाचं नाव असेल, शेवटी डॉट-लॅन असेल किंवा सुरुवात १९२.१६८.१ ने असेल तर डायरेक्ट, बाकी सगळं प्रॉक्सीकडे. फायरफॉक्समध्ये पॅकच्या रकान्याशेजारचं रीलोड बटण दाबायला विसरू नका, नाहीतर जुनीच फाइल चालत राहते.

पानं पुन्हा सुसाट. पण जे प्रॉक्सीतून जात नाही त्याचे पाच सेकंद अजून होतेच, एसएसएच (दुसऱ्या मशीनवर लॉगिन) वगैरे.

हे लिहिता लिहिता सुचलं: यूएफडब्ल्यूमध्ये ५३ ला गिळण्याऐवजी रिजेक्ट केलं, म्हणजे लगेच नकार कळवला, तर? उठून करून आलो. गेटएंटला (नावाचा पत्ता शोधून दाखवणाऱ्या कमांडला) किती वेळ लागतो ते मोजलं, पाच सेकंदांवरून डोळ्याचं पातं लवायच्या आत. राउटरला हातही न लावता!

तरी ही मलमपट्टीच. आधी ठरवलं होतं की पुढच्या हप्त्यात एसएसएल बंप (स्क्विडने एचटीटीपीएसची रहदारी उघडून बघणं) करायचा; तो आता मागे. त्याच डब्यावर अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर बसवतो, म्हणजे राउटर कितीही वेळा जुन्या पत्त्यावर गेला तरी तिथे उत्तर देणारं कोणीतरी असेल, आणि डीएचसीपीही तिकडेच हलवतो. डीएचसीपीचा २५२ क्रमांकाचा पर्याय वापरून पॅक आपोआप वाटायचा बेत मात्र रद्द. दोन डेस्कटॉपसाठी डब्ल्यूपॅडची (या आपोआप वाटण्याची) उठाठेव कोण करणार?

पॅकमध्ये प्रॉक्सीच्या पुढे अर्धविराम देऊन डायरेक्ट लिहिलंय, डबा बंद असला तर फायरफॉक्स थेट जावा म्हणून. त्याची चाचणी रविवारी, घरात दुसरं कोणी नेट वापरत नसताना.