पुणे ते मुरुड, बाईसाहेबांसोबत

दोघंच असताना पहाटे पुण्याहून निघून दुपारच्या जेवणाला मुरुडला टेकायचो. (दापोलीचं मुरुड हो, जंजिऱ्याचं नाही.) आज पोचलो ते दिवेलागणीला. कारण मागच्या सीटवर, उलट्या तोंडाच्या कार सीटमध्ये, आठ महिन्यांच्या बाईसाहेब.

ताम्हिणीच्या पहिल्या चार वळणांतच सगळं दूध माझ्या कुर्त्यावर. माणगावला तिचे कपडे बदलले, म्हसळ्याला परत एकदा. डॉक्टर म्हणाले होते, दर दोन तासांनी सीटमधून बाहेर काढा. बाईसाहेब दर चाळीस मिनिटांनी आठवण करून देत होत्या. बॅगेत नाचणीसत्त्वाचा डबा, गरम पाण्याचा थर्मास, सगळं होतं. चमचा घरी!

बागमांडल्याला फेरीबोट डोळ्यांदेखत सुटली. नवऱ्याशी भांडले, खोटं कशाला बोलू. पण पुढच्या बोटीत बाणकोटच्या खाडीचा वारा लागला आणि सकाळपासून किरकिरणारं पोर एकदम गप्प. शेजारी टोपली घेऊन उभ्या असलेल्या मावशींच्या हिरव्या बांगड्या तिने घट्ट धरल्या. मी सोडवायला गेले तर म्हणाल्या, "राहू दे गो, खेळू दे तिला." वेसवी येईपर्यंत मावशींचा एक हात आमच्याकडेच!

मुरुडला सामान टाकून थेट पुळणीवर. मला वाटलं लाटेला घाबरेल. छे! मूठभर ओली वाळू उचलून सरळ तोंडात. वर्षाची होईपर्यंत मीठ नको म्हणून मी दोन महिने अळणी पेज भरवतेय, आणि हिने अख्खा अरबी समुद्र चाखला.