कोर्ट कार्ड आलं की लगेच ‘हा कोण?’ विचारू नका

भविष्य पाहायच्या टॅरोच्या ७८ पत्त्यांत १६ कोर्ट कार्ड्स, म्हणजे दरबारी माणसांचे पत्ते असतात: चार सूट (वाँड्स, कप्स, स्वोर्ड्स, पेंटॅकल्स), प्रत्येकात पेज, नाइट, क्वीन, किंग. केल्टिक क्रॉस या दहा पत्त्यांच्या मांडणीत प्रत्येक जागेला ठरलेला अर्थ असतो; त्यात कोर्ट कार्ड्स सरासरी दोन येतातच, आणि रीडिंग अडतं ते बहुतेक वेळा तिथेच. केसांच्या आणि कांतीच्या रंगावरून माणूस ओळखायची युरोपातली जुनी पद्धत आपल्याकडे काय कामाची? इथे सगळ्यांचेच केस काळे.

पत्ता व्यक्ती आहे की वागण्याची तऱ्हा, हे जागेवरून ठरवा, आणि तेही पत्ते पिसायच्या आधी. ‘आजूबाजूची माणसं’ या जागी आला तर व्यक्ती. ‘सल्ला’ या जागी आला तर तऱ्हा. पत्ता बघून नियम बदलला की आपल्याला हवं तेच उत्तर निघतं.

तऱ्हा वाचायला नाइटपासून सुरुवात करा. पामेला कोलमन स्मिथने काढलेल्या १९०९ च्या रायडर-वेट डेकमध्ये (पत्त्यांच्या संचात) सगळं घोड्यात आहे. स्वोर्ड्सचा चौखूर उधळलेला, वाँड्सचा पुढचे पाय उचललेला, कप्सचा संथ चालणारा, पेंटॅकल्सचा जागेवर उभा, मागे नांगरलेलं शेत. ‘नोकरी बदलू का?’ या प्रश्नात सल्ल्याच्या जागी हा शेवटचा आला तर: बदला, पण ऑफर लेटर हातात आल्यावर आणि नोटीस पिरियडचा हिशेब करून. त्याच जागी स्वोर्ड्सचा आला तर ताबडतोब हालचाल करा. मात्र तो डावीकडे धावतोय. डावीकडचा पत्ता बघा, कशावर तुटून पडायचं ते तिथे कळेल.

क्वीन ऑफ कप्सच्या हातातला कप झाकलेला आहे, कप्सच्या सूटमध्ये असा हा एकच. जाणवतं सगळं, बोलून काही दाखवत नाही. पुरुषाच्या रीडिंगमध्ये ती आली म्हणून बायको किंवा आई शोधत बसू नका. तो स्वतःच तसा वागत असेल. पेजला निरोप्या म्हणतात, पण माझ्या मते नवशिका हा अर्थ जास्त वेळा लागू पडतो.

थॉथ हा टॅरोचा दुसरा डेक वापरत असाल तर वरचं जसंच्या तसं लावू नका. तिथे नाइट, क्वीन, प्रिन्स, प्रिन्सेस अशी मांडणी आहे. किंग नाहीच आणि घोड्यावरचा नाइट सर्वांत वरच्या पायरीवर असतो.