ब्रिटिश अभिनेत्री ग्लेंडा जॅक्सन पाहायची तर कोणत्या क्रमाने?

‘द म्युझिक लव्हर्स’ने सुरुवात करू नका. दिग्दर्शक केन रसेलचा हा चित्रपट रशियन संगीतकार चायकोव्स्कीच्या फसलेल्या लग्नावर आहे. रेल्वेच्या डब्यात नवऱ्याने झिडकारलेली नीना (म्हणजे जॅक्सन) विवस्त्र होऊन जमिनीवर लोळते, तो प्रसंग बाईची तयारी माहीत नसताना पाहिला तर नुसता भडक वाटतो. तिथेच सिनेमा बंद करावासा वाटतो आणि मग ग्लेंडा जॅक्सन म्हणजे ‘बोल्ड’ नटी एवढंच डोक्यात राहतं. तिचं खरं धाडस वेगळं होतं. प्रेक्षकाला आपण आवडावं म्हणून तिने पडद्यावर काहीही केलं नाही.

म्हणून आधी ‘संडे ब्लडी संडे’, १९७१, दिग्दर्शक जॉन श्लेसिंजर. अ‍ॅलेक्स नावाची घटस्फोटित बाई आणि पीटर फिंचने केलेला मध्यमवयीन डॉक्टर, दोघांचा प्रियकर एकच तरुण. आणि दोघांनाही ते ठाऊक आहे. अशा भूमिकेत नट्या सहसा सहानुभूती मागतात: गळा दाटून येतो, डोळे भरतात. जॅक्सन कोरड्या आवाजात, शब्द चावून बोलते आणि स्वतःलाच टोमणे मारते. दुखतंय हे आपल्याला तिच्या चिडचिडीवरून कळतं.

मग ‘एलिझाबेथ आर’. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिच्यावरची बीबीसीची १९७१ चीच मालिका, सहा भाग, प्रत्येक भाग जवळपास दीड तासाचा. या भूमिकेसाठी तिने कपाळावरचे केस खरोखर भादरून घेतले. घाई असेल तर पहिला आणि सहावा भाग पाठोपाठ पाहा. वय नुसत्या रंगरंगोटीवर वाढवलं की चेहऱ्याचा मुखवटा होतो आणि नट त्याच्यामागे हरवतो. इथे पांढऱ्या लेपाखालूनही म्हातारी राणी दिसते, कारण चाल आणि आवाज भागागणिक बदलत गेले आहेत. या कामाला टीव्हीसाठीचे दोन एमी पुरस्कार मिळाले. त्याच वर्षी ‘मेरी, क्वीन ऑफ स्कॉट्स’मध्ये तिने पुन्हा एलिझाबेथ केली, समोर व्हनेसा रेडग्रेव्ह. प्रत्यक्षात या दोन राण्या कधीच भेटल्या नव्हत्या. चित्रपटाने त्यांची भेट घडवली आहे. तो नाही पाहिला तरी चालेल.

आता रसेल. ‘विमेन इन लव्ह’मधली गुड्रुन शिंगांच्या गुरांसमोर नाचते, तिथे थांबून पाहा: भीती नाही, मोहकपणाही नाही, आहे ती सरळ आगळीक. या चित्रपटाच्या वेळी ती गरोदर होती. पहिलं ऑस्कर याचंच. दुसरं ‘अ टच ऑफ क्लास’ या हलक्याफुलक्या विनोदी चित्रपटाचं, १९७३ चं. दोन्ही वेळा ती ऑस्करची बाहुली घ्यायला गेली नाही. (मॉर्कम आणि वाइज या विनोदी जोडगोळीबरोबर तिने क्लिओपात्राची टर उडवली होती. ती पाहून मेल्विन फ्रँकने तिला या चित्रपटात घेतलं म्हणतात. प्रहसन या चित्रपटापेक्षा जास्त टिकलंय.)

हे सगळं कुठून आलं, ते ‘मारा/साद’ या नाटकात सापडतं. बर्कनहेडच्या गवंड्याची ही मुलगी. आई घरकाम करायची, ती स्वतः ‘बूट्स’ या औषधांच्या दुकानात काम करून शिष्यवृत्तीवर ‘राडा’ या लंडनच्या नाट्यशाळेत पोहोचली. पुढची बरीच वर्षं किरकोळ कामांतच गेली. १९६४ मध्ये दिग्दर्शक पीटर ब्रुकने तिला आपल्या प्रयोगशील गटात घेतलं. नाटकात ती वेड्यांच्या इस्पितळातली झोपेच्या आजाराची रुग्ण, जी फ्रेंच क्रांतिकारक माराचा खून करणाऱ्या शार्लट कॉर्डेची भूमिका करते. फ्रेंच लेखक मार्की द सादला ती आपल्या लांब केसांचे फटके मारते. ब्रुकने याचा चित्रपटही केला, १९६७ साली.

मग १९९२ मध्ये तिने अभिनय सोडला. लंडनच्या हॅम्पस्टेड अँड हायगेट मतदारसंघातून मजूर पक्षाच्या तिकिटावर निवडून आली आणि २०१५ पर्यंत खासदार राहिली. १९९७ ते १९९९ वाहतूक खात्याची कनिष्ठ मंत्री होती. इराक युद्धावरून आपल्याच पंतप्रधानाच्या विरोधात गेली. २०१० ची निवडणूक फक्त ४२ मतांनी जिंकली. २०१३ मध्ये थॅचरबाईंना श्रद्धांजली वाहण्यासाठी भरलेल्या सभागृहात तिने त्यांच्या धोरणांचे वाभाडे काढले. ते भाषण यूट्यूबवर आहे. समोरचे सत्ताधारी बाक ओरडत असताना तिचा आवाज किती स्थिर राहतो ते ऐका.

रंगमंचावर परतली तीही थेट किंग लियर होऊन, २०१६ मध्ये, लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. इतक्या वर्षांच्या खंडानंतर आधी एखादी सोपी भूमिका घ्यावी, हा व्यवहार तिला मान्य नसावा. २०१८ मध्ये ‘थ्री टॉल विमेन’ या नाटकासाठी रंगभूमीचं टोनी मिळालं.

उतारवयातलं एकच काम पाहायचं तर ‘एलिझाबेथ इज मिसिंग’, २०१९. स्मृतिभ्रंश झालेली मॉड हरवलेली मैत्रीण शोधते आणि त्यात दशकांपूर्वी बेपत्ता झालेल्या बहिणीची आठवण मिसळत जाते. मॉड केविलवाणी नाही, तापट आणि हट्टी आहे. त्यामुळे तिच्या मुलीची दमछाकही पटते.

शेवटचा ‘द ग्रेट एस्केपर’ मायकेल केनबरोबर. १५ जून २०२३ ला ती गेली, चित्रपट त्यानंतर लागला. तो लावण्याआधी याच जोडीचा १९७५ चा ‘द रोमँटिक इंग्लिशवुमन’ पाहून घ्या. तिथलं त्यांचं लग्न वैतागलेलं आहे, इथलं मुरलेलं.