वेशीतून आधी कोण?

पोळा, रात्री साडेदहा

दगडांमधल्या दरजा ओल्या असतानाच आज वेशीतून बैल गेले. काल खांदमळणीच्या वेळेपर्यंत गवंडी फळीवर बसून होता आणि खाली पोरं वर्गणीच्या वहीवरून भांडत होती. आमच्या गावाचं काम वेळेत झालं असतं तर मलाच शंका आली असती.

वेस नवी, दगड जुने. जुन्या गावठाणातल्या वेड्या बाभळी तोडून दोन ट्रॉल्या भरून आणलेले. एका चिऱ्याला गुळगुळीत खळगा आहे. वेशीत बसणारी म्हातारी तिथं सुपारी फोडायची. तो चिरा मुद्दाम हाताशी येईल असा बसवलाय. खळग्यात सिमेंट गेलं होतं, मी काडीनं उकरून काढलं.

३० सप्टेंबर १९९३. विसर्जन करून झोपलेलं गाव पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात गेलं. दीड-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर माळवदाची पांढरी माती. भिंतीचा आतला थर बाहेरच्याला कुठं बांधलेलाच नव्हता, दोन्ही फाकले. ५२ गावं उठवून दुसरीकडं बसवली, त्यात आमचंही. घर मिळालं जमिनीच्या हिशोबानं: एक हेक्टरपर्यंत २५० चौरस फूट, सातपर्यंत ४५०, त्यावर ७५०. आमच्याकडं एकेका मापाच्या रांगा वेगळ्या पडल्या. भावकी पांगली, पाण्याला सोबत जाणाऱ्या बाया तीन टोकांना गेल्या. घरं पक्की आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण पांढरी, म्हणजे गावठाणाची जमीन, सुटली आणि आम्ही काळीत, ज्वारीच्या रानात येऊन बसलो. आखणीत शाळा होती, रस्ते होते. वेस कुणाला सुचलीच नाही. इतकी वर्षं पोळ्याचं तोरण लाइटचा खांब आणि लिंब यांच्यात बांधत होतो.

मायचा विरोधच होता. "दगुड नगं," एवढंच म्हणायची. शेवटी ओव्हरसियर म्हणून रिटायर झालेल्या तात्यांनी तिला खुर्ची टाकून समोर बसवलं आणि दाखवलं: दर दोन हातांवर भिंतीच्या आरपार जाणारा एक दगड, कमानीत लोखंडी सळया. सळया घातल्यावर ही खरी वेस कशी, असं काहीजण पुटपुटले. पुटपुटणारे सगळे त्या सालानंतर जन्मलेले.

मग अडलं ते मानावर. मानाच्या जोडीमागं कुणाची जोडी, हे ज्यांना पाठ होतं त्यातले बरेच त्या पहाटेच गेले. उरलेल्यांची तीन मतं. ओट्यावर बसलेली माय मध्येच बोलायला लागली. माणसांची नावं तिनं घेतलीच नाहीत, बैलांची घेतली. "सर्ज्या-राज्या म्होरं. मागं ढवळ्या, त्येचं एक शिंग मोडकं. मग पवळ्या..." तो जुन्या वेशीतला शेवटचा पोळा, ऑगस्टातला, त्या साली भाद्रपद अधिक आला म्हणून गणपती महिनाभर लांबले होते. एक पोरगं मोबाइलवर टिपून घेत होतं. चौदाव्या जोडीपाशी माय थांबली. त्या घरातलं कुणीच राहिलेलं नाही.

"आज्जी, म्होरं?"

"थांब की रं. जागा सोड त्येंची."

आज बैलांच्या जोड्या सहाच. बाकी ट्रॅक्टर, तेही झुली पांघरून, यादीतल्या नंबरावर. चौदाव्या नंबराला मिरवणूक वेशीत थांबली, हलगीही थांबली. मागच्या ट्रॅक्टरवाल्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यानं हॉर्न वाजवला. चारजण त्याच्यावर धावून गेले, मग सगळेच हसले, आणि हलगी परत सुरू झाली.

माय काही वेशीखालून गेली नाही. बाजूच्या बांधावरून आली, माझा हात धरून. आता पुरणाचं पातेलं निवत ठेवून झोपली असं वाटलं होतं, तर आतून हाक:

"झोपलास का? त्या पोराला सांग, आठवी जोडी चुकली. तिथं कोसा बैल होता."