मोठ्या काडेपेटीचा घोळ

स्मरणिकेसाठी आठवण लिहा म्हटल्यावर बाकीचे सहल, स्नेहसंमेलन आणि छड्या यांवर लिहिणार हे नक्की. मी काडेपेट्यांवर लिहितो.

दुसरीत आम्हाला बाई होत्या. एका सकाळी त्यांनी तरटपट्टीवर पिशवी उपडी केली. चिंचोके, सीताफळाच्या बिया, बटणं, सोड्याच्या बाटलीची बुचं, गुंजा. (गुंजा विषारी, आज कुणी मुलांच्या हातात देणार नाही.) "वेगवेगळं करा," एवढंच म्हणाल्या. मी कांदेवाल्यांच्या घरातला. खळ्यावर मोठा माल एकीकडे, गोल्टी एकीकडे, हे हातात बसलेलं; मी लहान-मोठं केलं. शेजारणीने रंग धरला. मागच्या एकाने 'पेरलं तर उगवतं' आणि 'उगवत नाही' असे दोनच ढीग घातले. बरोबर कुणाचं, यावरून जुंपली. बाई म्हणाल्या, "तिघांचंही. पण काय धरून ढीग घातला ते सांगता आलं पाहिजे."

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने रिकामी काडेपेटी आणायची होती. डब्यात भाकरी असेल त्याने खडूच्या रेघेवर इकडे पेटी रचायची, पोळी असेल त्याने तिकडे. "जास्त कुणाचे?" बाईंनी विचारलं. "पोळी!" सगळा वर्ग ओरडला, कारण तोच मनोरा उंच. मग मोजलं. भाकरी अकरा, पोळी नऊ! पोळीच्या मनोऱ्यावर सगळ्यात वर माझी पेटी होती, चुलीपाशी असते तसली मोठी, आणि ती मी दिमाखात उभी ठेवली होती. बाईंनी ती काढली नाही. "आता काय करायचं?" म्हणून आमच्याकडेच बघत बसल्या.

तोड निघाली ती शहाबादी फरशीची. एका फरशीवर एकच मूल, भिंतीपासून रांगेत. आता भाकरीची रांग खरोखरच दोन फरश्या पुढे गेली. डब्यात दोन्ही आणणारा एक जण दोन रांगांत एकेक पाय टाकून उभा राहिला. त्याच्यासाठी तिसरी रांग करावी लागली. फळ्यावर त्याचा चित्रालेख झाला तो शेवटी, एका मुलामागे एक गोळा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शिंपले, बिया, खडे अशा भोवतालच्या वस्तूंतून बालशिक्षण उभं केलं, हे मी फार पुढे वाचलं. बाई कुठे शिकल्या होत्या, ते विचारायचं राहून गेलं.

आता मी आवकेचे तक्ते करतो. कुणी रंगीत स्तंभालेख पुढे टाकला की आधी तळाची रेघ पाहतो. ती शून्यावर नसली, तर स्तंभांच्या उंचीतला फरक आहे त्याहून मोठा दिसतो; तीच माझी मोठी काडेपेटी.

त्या पेटीतल्या काड्या मी वाटीत ओतून ठेवल्या होत्या. पावसाळ्याचे दिवस, त्या सादळल्या. संध्याकाळी चूल पेटेना, तेव्हा आईने जे दिले ते मात्र कुठल्याच रांगेत मोजलेले नाहीत.