रेवाचा पाय: सतराव्या दिवशी फुटलं एकदाचं

मंडळी, फुटलं! आज पहाटे पाचला आमच्या घोडीच्या, रेवाच्या, पुढच्या डाव्या खुरातला पू बाहेर आला. केस संपून खूर सुरू होतो त्या कडेला, बाहेरच्या अंगानं, ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. राखाडी, पातळ पू आणि डोकं उठवणारी घाण. मला मात्र तो वास आला आणि रडूच कोसळलं, कारण तिनं पाय टेकला होता. पूर्ण टेकला होता.

रेवा लंगडते ती खांद्यामुळे, असं मी मागच्या वेळी लिहिलं होतं. ते निदान चुकलं होतं. दुलकीत डावा पाय पडला की ती मान वर झटकायची, म्हणजे पाय डावा हे नक्की. पण पायात नेमकं कुठे, ते मान सांगत नाही. खांदा धरून ब्यूट (घोड्यांची वेदनाशामक गोळी) दिलं, चार दिवस चाल सुधारली, औषध थांबवलं आणि ती पुन्हा तीन पायांवर. दुखणं तिथंच होतं, गोळीनं फक्त झाकलं होतं. लंगडणाऱ्या घोड्याला खूर तपासल्याशिवाय ब्यूट देऊ नका, हे मी आता प्रत्येकाला सांगणार.

अंगाचं तापमान ३८.१, म्हणजे घोड्याला नेहमीचंच, चंदी (दाणा) खात होती, तरी पावसाळा आणि गोमाश्या म्हणून सर्राची, म्हणजे माश्या चावून पसरणाऱ्या रक्तातल्या रोगाची, धास्ती होती. रक्त तपासलं, काही निघालं नाही. मग घोट्यामागची नाडी पाहिली. उजवीकडे शोधावी लागत होती, डावीकडे बोट ठेवताच ठणठण उडत होती. दोन्ही पायांत तशी असती आणि ती मागे रेलून उभी असती, तर लॅमिनायटिसची, म्हणजे खुराच्या आतल्या थराला सूज येण्याची, भीती होती. एकाच पायात, म्हणजे खूरच.

महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉक्टरताई आल्या. नाल काढली, खूर दाबून पाहायचा चिमटा लावला. बाहेरच्या तिसऱ्या खिळ्यापाशी दाबताच रेवानं पाय हिसडला. खिळा जिवंत भागाच्या फार जवळून गेला होता. नाल मारल्यावर सहा दिवसांनी लंगडली म्हणून नालेवर कोणाचा संशयच गेला नव्हता. ताईंनी थोडं कोरलं, पू लागला नाही, आणि त्या थांबल्या. "आत खोदत बसले तर खड्डा भरायला महिने जातील. शेकून मऊ करू, वाट पू स्वतःच काढेल."

मग पाच रात्री एकच काम. गव्हाचा कोंडा, एप्सम सॉल्ट, सोसेल इतकं गरम पाणी, त्याचा लगदा तळव्याला, वर लहान मुलांचं डायपर आणि टेप. स्टेशनरीचा खाकी टेप घेऊ नका, चिखलात तासाभरात सुटतो. कापडी पाठीचा रुपेरी टेप बारा तास टिकला. अनंत चतुर्दशीला झांक्यांमुळे (चित्ररथांमुळे) इंदूरचे रस्ते भरलेले, रेवाला सांभाळणारे सईसकाका शहरातच अडकले. रात्री दोनला मी एकट्यानं लगदा बदलला आणि रेवा पाय माझ्या मांडीवर ठेवून उभी राहिली. एरवी ती माझ्याकडे खूर देतच नाही.

आता तीन दिवस लगदा, मग आयोडीन आणि कोरडी पट्टी. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय. घोड्याच्या बाबतीत त्यात हयगय नको. खूर महिन्याला साधारण ८ ते १० मिमी वाढतो, त्यामुळे हे भोक खाली सरकत जाताना बरेच महिने दिसेल, आणि तिथे खिळा चालणार नाही. दहा दिवसांनी नवी नाल मारायची असं ठरलं होतं.

पण हे लिहितानाच वाटतंय, नाल दिवाळीपर्यंत नकोच. आणि दोष एकट्या खिळ्याचा नाही. पाण्याच्या टाकीभोवती आमची मालव्याची काळी माती घोट्यापर्यंत लडबडलेली असते आणि रेवा दिवसाचे कितीतरी तास तिथेच उभी असते. तिथे खूर भिजून मऊ पडतो, ऊन पडलं की वाळतो, पुन्हा भिजतो. पुतळीही (तळव्याच्या मधला मऊ त्रिकोणी भाग) दर श्रावणात तिथेच सडते. मी दर वर्षी पुतळीवर औषध लावतोय आणि टाकी जिथल्या तिथे! टाकी उंचवट्यावर हलवायची, खाली मुरूम. ट्रॅक्टरवाल्याला आत्ताच विचारलं, उद्या एक ट्रॉली टाकतोय.

सईसकाकांचा फोन आला. तोबरा रिकामा झालाय आणि बाई आणखी चंदीसाठी जमीन उकरताहेत. डाव्या पायानं.