कप कुठे जाणार, हे आधी विचारतो : आमची वाटचाल

आमचं युनिट सुरू झालं ते साध्या कागदी कपांवर. दोन जुनी मशीनं, बाहेरून कोटिंग करून आणलेले कागदाचे रोल आणि मिळेल ती ऑर्डर. कागदी कप म्हणजे निव्वळ कागद, असं बहुतेक गिऱ्हाइकांना वाटायचं आणि तो समज दूर करायची या धंद्यात कोणालाच घाई नव्हती. प्रत्यक्षात कपाच्या आतल्या बाजूला पॉलिथिनचा पातळ थर असतो. वजनात तो पाच टक्क्यांच्या आसपास भरतो, पण खरं काम तोच करतो. कॉफी कागदात मुरू देत नाही, आणि गरम हवेने वितळून कपाची उभी शिवण व तळ चिकटवतो. कपाला डिंक लागत नाही हे युनिट बघायला आलेल्यांना आजही पटत नाही.

हा थर मुळात नव्हता. १९०७ च्या सुमारास बोस्टनच्या लॉरेन्स लुएलेन यांनी कागदी पेला आणला तो रोगराईच्या भीतीपोटी. सार्वजनिक ठिकाणी सगळे एकाच पेल्याने पाणी पीत असत. त्या काळच्या कपांना मेण लावत. मेण गरम पेयाला टिकेना, म्हणून पुढे पॉलिथिन आलं. म्हणजे आज ज्या थराच्या नावाने सगळे बोटं मोडतात, तो गरम कॉफीसाठीच आला होता.

२०१८ मध्ये आमच्याकडे येणाऱ्या चौकशांचा सूर बदलला. त्या जानेवारीत ब्रिटिश संसदेच्या पर्यावरणविषयक समितीने अहवाल दिला. देशात वर्षाला अडीच अब्ज कॉफी कप फेकले जातात आणि चारशेमागे एकसुद्धा धड पुनर्प्रक्रियेला जात नाही, असं त्यात होतं. त्याच वर्षी स्टारबक्सने क्लोज्ड लूप पार्टनर्स या पुनर्वापरात पैसे गुंतवणाऱ्या कंपनीच्या सोबतीने नवा कप शोधण्यासाठी एक कोटी डॉलर बाजूला काढले आणि मॅकडोनाल्ड्सही त्यात सामील झालं. एवढ्या मोठ्या कंपन्या हलल्या की लहान कॅफे-साखळ्यांचे खरेदी अधिकारीही फोन उचलतात. तोवर आम्हाला दर आणि डिलिव्हरीची तारीख विचारणारी माणसं एकदम विचारू लागली, "तुमच्याकडे कंपोस्टेबल आहे ना?"

कंपोस्टेबल म्हणजे कुजून खत होणारं, आणि आमच्यासाठी तेव्हा त्याचा अर्थ एकच होता: पॉलिथिनच्या जागी पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिडचा थर. मका किंवा उसाची साखर आंबवून लॅक्टिक ॲसिड करायचं आणि त्याचं प्लास्टिक बनवायचं. होय, प्लास्टिकच. फक्त खनिज तेलातून न आलेलं, आणि योग्य ठिकाणी पोचलं तर कुजणारं. कोटिंग केलेले रोल बाहेरून येणार होते, त्यामुळे कागदावर पाहिलं तर आम्हाला फक्त रोल बदलायचा होता.

मशीनवर मात्र रोल बदलून भागलं नाही. पॉलिथिन मोठं सोशिक असतं. हवेचं तापमान थोडं वरखाली झालं तरी शिवण बसते, आणि ताणलं तर थर लांबतो, फाटत नाही. पीएलए कडक आणि ठिसूळ. हवा कमी तापली तर शिवण उघडते, जास्त तापली तर कागद करपतो, आणि या दोन्हींमधली जागा अगदी अरुंद. कपाची कड बाहेरच्या बाजूला गोल वळवतात, त्याला आम्ही कर्लिंग म्हणतो. कोरड्या, थंड हवेत तिथेच थराला बारीक तडे जायचे. डोळ्यांना काही दिसत नाही. कपात रंगीत पाणी भरून ठेवलं की कागदात रंगाच्या रेषा उमटतात, तेव्हा कळतं. आमचे जुने ऑपरेटर तर रोल मशीनवर चढवण्याआधी खोलीतली हवा कशी आहे ते बघू लागले. आम्ही मशीनचा वेग उतरवला, रोल ठेवायची खोली वेगळी केली आणि तयार माल जास्त दिवस पडू द्यायचा नाही असं ठरवलं, कारण उष्ण आणि दमट गोदामात पीएलए हळूहळू स्वतःच कमकुवत होत जातं. वेग उतरला की प्रत्येक कपाचा खर्च चढतो. हे कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं.

गार कॉफीच्या पारदर्शक कपांचा नाद आम्ही लागलीच सोडला. साधं पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतं. उन्हात उभ्या राहिलेल्या ट्रकमधून कप वाकडे होऊन उतरतात. शिवाय ते दिसायला थेट पीईटीसारखे, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लास्टिकसारखे. पीईटीच्या पुनर्प्रक्रियेत थोडे जरी मिसळले, तरी तो माल धुरकट होतो. एकाचं खत होईल म्हणून दुसऱ्याचा रिसायकलिंगचा माल बिघडवायचा, हे काही पटलं नाही.

कप कंपोस्टेबल असल्याच्या प्रमाणपत्राचं काम धाकट्या बहिणीने अंगावर घेतलं. ती रसायनशास्त्राची, मी हिशेबाचा. त्यासाठीची मानकं म्हणजे युरोपात ईएन १३४३२ आणि अमेरिकेत कोटिंगवाल्या कागदासाठी एएसटीएम डी६८६८, दोन्हींचा गाभा जवळपास एकच. ईएन १३४३२ ची कसोटी अशी: साधारण ५८ अंशांच्या नियंत्रित कंपोस्टमध्ये सहा महिन्यांच्या आत ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा. बारा आठवड्यांनंतर दोन मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त अवशेष उरता कामा नये. जड धातूंना मर्यादा, आणि त्या खतात रोपं नीट उगवली पाहिजेत. मी तिला म्हटलं, "रोलवाल्याकडे प्रमाणपत्र आहे, मग आपल्याला वेगळं कशाला?" ती म्हणाली, "दादा, प्रमाणपत्र त्याच्या कागदाला आहे. आपल्या कपावर आपली शाई आहे." ज्या घटकाचं प्रमाण एक टक्क्याच्या आत आहे त्याची कुजण्याची वेगळी चाचणी लागत नाही, पण असे सगळे घटक मिळून पाच टक्क्यांवर जाता कामा नयेत. गडद रंगाचा पूर्ण छापील कप हवा असणाऱ्या साखळ्यांशी आमचं पहिलं भांडण या पाच टक्क्यांवरून झालं.

कागदपत्रं पूर्ण झाल्यावर आम्ही दोघं एका कंपोस्ट प्रकल्पावर गेलो. आपला माल शेवटी जिथे जायचा ती जागा बघावी, एवढाच हेतू. तिथल्या व्यवस्थापकांनी आमचा कप हातात घेतला, उलटून खालचं चिन्ह वाचलं आणि परत दिला. म्हणाले, "हे चिन्ह तुम्ही मला दाखवलंत म्हणून दिसलं. माझा माणूस पट्ट्यासमोर उभा असतो, समोरून कचरा धावत असतो. त्याला फक्त कप दिसतो. कप दिसला की तो उचलून बाजूला टाकतो, आणि बरोबरच करतो, कारण दहातले बहुतेक पॉलिथिनचे असतात." मग त्यांनी वेळेचं सांगितलं. त्यांचा ढीग बारा आठवडे थांबत नाही. खत त्याआधीच चाळून विकायला निघतं. न कुजलेले तुकडे चाळणीवर उरतात, ते पुन्हा ढिगात घाला नाहीतर कचरा म्हणून पैसे देऊन उचलून न्या. आणि सेंद्रिय शेतीसाठी खत विकायचं असेल तर आणखी पंचाईत: अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत असं पॅकेजिंग घातलेलं खत बसत नाही.

ही तक्रार एकट्या त्या प्रकल्पाची नव्हती. २०१९ मध्ये अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातल्या कंपोस्ट उत्पादकांनी एकत्र येऊन, कारणांची यादी देऊन, जाहीर सांगितलं होतं की आम्हाला कंपोस्टेबल पॅकेजिंग नको. ज्यांच्यासाठी वस्तू बनवली म्हणायचं तेच ती नाकारतात, असा दुसरा धंदा मला तरी माहीत नाही.

आणि प्रकल्पावर पोचलाच नाही तर? कचराभूमीत दबलेला पीएलएचा थर जवळपास तसाच राहतो, कारण तिथे ना तेवढी उष्णता, ना हवा. कागद कुजतो, पण हवेविना कुजला की मिथेन सुटतो. घरच्या खड्ड्यातही साध्या पीएलए थराचं लवकर काही होत नाही. म्हणजे रस्त्यावरच्या कचरापेटीत पडलेला आमचा महाग कप आणि शेजारचा स्वस्त पॉलिथिनचा कप यांत फरक उरतो तो थर कशापासून बनला एवढाच.

तेव्हापासून चौकशी आली की दरपत्रकाआधी आम्ही प्रश्न विचारतो. वापरलेला कप कोणत्या डब्यात पडणार? तो डबा कोण उचलणार? उचलणारा ज्या प्रकल्पाला माल देतो तो कप घेतो का, आणि तसं लेखी देईल का? बहुतेक खरेदी अधिकाऱ्यांकडे उत्तरं नसतात. त्यांच्याकडे जाहिरात विभागाने दिलेली तारीख असते. एका साखळीची मोठी ऑर्डर आम्ही यावरूनच घालवली. त्यांना कपावर ठळक अक्षरांत "निसर्गात परत" असं छापून हवं होतं आणि त्यांची जवळपास सगळी विक्री पार्सलची. त्यांना दुसरा पुरवठादार लगेच मिळाला. तेव्हा पगाराचा आठवडा जवळ आला होता आणि घरात त्यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं, हेही सांगून टाकतो.

धंदा उभा राहिला तो बंदिस्त जागांवर. कार्यालयांची उपाहारगृहं, विद्यापीठांची आवारं, क्रीडासंकुलं. तिथे कप दाराबाहेर जात नाही. आत विकला जाणारा प्रत्येक कप एकाच प्रकारचा असला की पट्ट्यासमोरच्या माणसाला निवड करावी लागत नाही, आणि उरलेलं अन्न व कप एकाच डब्यात जातात. खरं तर कंपोस्टेबल कपाचा मोठा फायदा कप कुजण्यात नाही. त्याच्यामुळे उरलेलं अन्न वेगळं न काढता खताकडे जातं, हा तो फायदा. सॅन फ्रान्सिस्कोने २००९ मध्ये ओला कचरा वेगळा देणं सक्तीचं केलं, सिएटलने २०१० पासून खाद्यविक्रेत्यांचं एकदा वापरायचं सामान कंपोस्टेबल किंवा रिसायकल होणारंच हवं असा नियम केला. डबा आणि गाडी आधी उभी असेल तिथे कपाला अर्थ येतो. स्टारबक्सनेही २०२५ च्या सुरुवातीला गार पेयांसाठी लगद्याचे कंपोस्टेबल कप आणले ते अमेरिकेतल्या १४ राज्यांतल्या काही दुकानांत, सगळीकडे नाही.

जिथे गिऱ्हाईक बसून कॉफी पितं तिथे आम्ही सरळ सांगतो, काचेचा किंवा चिनी मातीचा कप ठेवा, आमचा घेऊ नका. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग शहराने २०१६ मध्ये अनामत रकमेवर परत करायचा कप सुरू केला. पार्सललाही तो मार्ग चालू शकतो. आमच्या विक्रीच्या मुलांना हे बोलणं अजून जड जातं.

नियमही सोपे राहिलेले नाहीत. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशात पीएलएला प्लास्टिकच धरलं, आणि जुलै २०२१ पासून असा थर असलेल्या कपावर त्यात प्लास्टिक असल्याचं चिन्ह छापावं लागतं. कंपोस्टेबलचं चिन्ह आणि त्याच कपावर पाण्यात उलट्या पडलेल्या कासवाचं चित्र! गिऱ्हाइकाने काय समजायचं? माझ्या मते चिन्ह बरोबर आहे.

सध्या आम्ही दोन गोष्टींवर काम करतोय. एक, पीबीएस या दुसऱ्या कुजणाऱ्या प्लास्टिकचा थर; तो पीएलएपेक्षा लवचीक आहे, कर्लिंगला तडे जात नाहीत. दुसरी, पाण्यात मिसळून लावायचं कोटिंग. त्यात थर फारच पातळ राहतो, पण रोल गुंडाळून ठेवला की कागद कागदाला चिकटतो आणि शिवणीचं गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागतं. झाकणाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. स्फटिकीकरण केलेल्या पीएलएची झाकणं गरम कॉफीला टिकतात, पण ती आम्ही बाहेरून घेतो. लगद्याच्या झाकणांना वाफेने मऊ पडू नये म्हणून काही उत्पादक फ्लोरिनयुक्त रसायनं वापरत आले आहेत. अमेरिकेतल्या बीपीआय या प्रमाणन संस्थेने २०२० पासून ती बंद केली. त्या रसायनांशिवाय घट्ट बसणारं झाकण देणारे पुरवठादार आम्ही तपासतोय. तोपर्यंत झाकण वेगळ्या डब्यात टाकायचं, ही सूचना ऑर्डरच्या अटींत लिहिलेली असते आणि डबा ठेवायची जबाबदारी साखळीची असते.